दोन पेट्या तबकड्या, एक कॅसेट आणि हार्ड डिस्कचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊंचे आजोबा रेल्वेत गार्ड होते. भुसावळच्या जुन्या घरात, पत्र्याखालच्या माळ्यावर, त्यांच्या दोन लोखंडी पेट्या निघाल्या. आत ग्रामोफोनच्या १४० च्या आसपास जड काळ्या तबकड्या आणि ८० एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या. घर पुढच्या महिन्यात पाडायचं आहे, नव्या घरात जागा कमी. यूएसबीचं टर्नटेबल, म्हणजे संगणकाला जोडता येणारं तबकड्या वाजवायचं यंत्र घ्यायचं, सगळं १ टीबीच्या हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि तबकड्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊन टाकायच्या, असा विचार आहे. विचारणा अशी की हार्ड डिस्क कोणती घेऊ, की पेन ड्राईव्हनेच भागेल? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: पेटीत आजीच्या आवाजातली अहिराणी ओव्यांची एक कॅसेटही आहे, चालते की नाही माहीत नाही.

भाऊ, मी जळगावात बत्तीस वर्षं रेडिओ, टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. गेली अठरा वर्षं लोकांच्या तबकड्या आणि कॅसेटी संगणकावर उतरवूनही देतो. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट बोलतो. तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाची वस्तू शेवटच्या ओळीत आली आहे. तबकड्यांवरचं बहुतेक संगीत कारखान्यात छापलेलं आहे. त्याच्या शेकडो, हजारो प्रती निघाल्या आणि कुठे ना कुठे शिल्लक आहेत. आजीच्या ओव्यांची जगात एकच प्रत आहे आणि ती पत्र्याखाली तापते आहे. म्हणून कामाचा क्रम आधी बदला. पहिली कॅसेट, मग तबकड्या, आणि डिस्कचा विचार त्यानंतर.

दुसरं असं की 'कोणती डिस्क' हा या कामातला सोपा भाग आहे. तबकडी कपाटात उभी ठेवली आणि विसरून गेलात, तरी पन्नास वर्षांनी ती वाजते. हिंदुस्थानात तबकड्यांसाठीची पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाली. गायिका गौहरजानच्या त्या वेळच्या तबकड्यांवर आजही सुई ठेवली की आवाज येतो. फाईलचं तसं नाही. फाईल विसरलात की गेली. डिस्क खराब होते, तिची केबल मिळत नाही, घरात कुणाला पासवर्ड आठवत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की पुढची वीस वर्षं दर वर्षी ही फाईल उघडून कोण बघणार आणि कोणत्या दिवशी? त्याचं उत्तर ठरलं की डिस्क कोणतीही चालेल. माझ्याकडे त्याचं एक खान्देशी उत्तर आहे, ते पुढे सांगतो.

आधी कॅसेट

आज घरी गेलात की पहिलं काम करा. कॅसेटच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूला दोन टोकांना दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही मोडून टाका. त्या मोडल्या की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. कॅसेट चालते का हे बघायला म्हणून घरातलं कुणीतरी जुन्या टेपचं भलतंच बटण दाबतं आणि दहा सेकंदांच्या ओव्या कायमच्या पुसल्या जातात. असं झालेल्या कॅसेटी माझ्याकडे आल्या आहेत. त्या पुसलेल्या जागी परत काही आणता येत नाही.

दुसरं, ती 'चालते का बघू' म्हणून लावूच नका. जी पहिली वेळ वाजेल, ती रेकॉर्डिंग चालू ठेवूनच वाजवायची. चाळीस वर्षांच्या पट्टीचा काही भरवसा नसतो. पहिल्या फेरीला नीट येते आणि दुसऱ्या फेरीला गुंडाळली जाते. कॅसेटवर ९० लिहिलेलं असेल तर जास्तच जपा. ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा ९० ची पट्टी बरीच पातळ असते, आणि उष्णतेत ती ताणली जाते.

पट्टीला टेकणारी स्पंजची छोटी गादी गळून पडलेली असते, हा आपल्याकडचा नेहमीचा आजार. उन्हाने तिचा डिंक सुकतो. मग आवाज खोल गेल्यासारखा येतो आणि लोक समजतात कॅसेट गेली. गादी बदलली की आवाज परत येतो. कवच चिकटवलेलं असेल तर पट्टीच दुसऱ्या रिकाम्या कवचात घालावी लागते. हे काम स्वतः पहिल्यांदा करणार असाल तर आधी फुकटच्या दोन-तीन कॅसेटींवर हात बसवा. ते जमणार नसेल तर टेप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे कॅसेट हातोहात न्या. कुरिअरने पाठवू नका. मे महिन्यात तर गाडीच्या डॅशबोर्डवर पाच मिनिटंही ठेवू नका.

हे मी इतकं लांबण लावून सांगतो आहे, कारण माझ्या घरात एक आवाज असाच गेला. माझ्या मावशीची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, झोक्यावरची, आम्ही १९९१ साली कॅसेटवर घेतली होती. २००६ साली मी ती संगणकावर उतरवली. 'आता फाईल आहे' म्हणून कॅसेट ओळखीत कुणाला तरी दिली, ती फिरत फिरत हरवली. २०११ च्या मे महिन्यात त्या संगणकाची डिस्क बसली. दुसरी प्रत नव्हती. मावशी तोवर गेलेली होती. मला त्यातल्या दोन ओळी आठवतात, चालही आठवते, पण तिचा आवाज नाही. लोकांच्या कॅसेटी मी पैसे घेऊन उतरवतो आणि माझ्या घरची एक सांभाळली नाही, ही गोष्ट अजून जात नाही मनातून. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की फाईल झाली म्हणून मूळ वस्तू टाकायची नाही.

कॅसेट उतरवून झाली की आत्या, काकू, जे कुणी आजीला ओळखत होतं त्यांना समोर बसवून ऐकवा. कोणत्या ओवीत कुणाचं नाव आलं, मधेच बोलणारी बाई कोण, जात्याचा आवाज कोणत्या घरातला, हे त्यांना विचारा आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर वेगळं रेकॉर्ड करून ठेवा. १९०२ च्या त्या तबकड्यांत गाणं संपता संपता गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना ही कोणाची तबकडी हे कळावं म्हणून ती सोय होती. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांनी परका होतो. तुमच्या नातवाला ती कुठल्या तरी म्हातारीची ओवी वाटायला नको.

तबकड्या खाली उतरवा

कॅसेटनंतर तातडीचं काम म्हणजे पेट्या माळ्यावरून खाली आणणं. भुसावळच्या उन्हाळ्यात सावलीतलं तापमान ४५ च्या वर जातं, पत्र्याला लागून असलेल्या माळ्यावर त्याहून बरंच जास्त. एलपी प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाईलच्या असतात. साठ अंशांच्या मागेपुढे ते मऊ पडायला लागतं, आणि तबकडी तिरकी किंवा वजनाखाली असेल तर त्याआधीच वाकते. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात ठेवलेल्या एलपी मी ताठ बघितल्या आहेत आणि पत्र्याखालच्या पापडासारख्या वाकलेल्या. गाव एकच, साल एकच, फरक फक्त छपराचा.

जड तबकड्यांचं शास्त्र वेगळं. त्या लाखेच्या. आपल्या छोटा नागपूरच्या जंगलातली लाख तेव्हा जगभरच्या तबकड्यांना जायची. पण त्यात लाख थोडीच, बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि बळकटीसाठी कापसाचे तंतू. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून मला हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एचएमव्हीच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनत. तुमच्या आजोबांच्या पेटीतल्या काही बहुधा हावड्याच्या गाडीनेच भुसावळला आल्या असतील. लाखेची तबकडी वाकत नाही, फुटते. पेटीत एकावर एक आडव्या असतील तर उचलताना वरून एकेक घ्या, दोन्ही हातांनी, कडेला धरून. मधूनच ओढू नका.

ठेवायच्या त्या उभ्या, सरळ, अगदी घट्टही नाही आणि सैलही नाही. आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे वाळवी दिसते आणि पावसाळ्यात ओल येत नाही. स्वयंपाकघराची आणि पश्चिमेची भिंत टाळा. लाखेच्या तबकड्या फार जड असतात, १४० मिळून तीस किलोच्या आसपास जातात, तेव्हा फळी जाड घ्या. माझ्याकडच्या जुन्या सागवानी कपाटात मी दर वीतभर अंतरावर उभी फळी घातली आहे, त्यामुळे तबकड्या एकीकडे झुकत नाहीत.

साफ करताना एकच गोष्ट विसरू नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, सेंट, कोलिन, काहीही लावायचं नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, सुतार पॉलिश तसंच करतो. २०२० साली एका गृहस्थांनी वडिलांच्या तबकड्या मोठ्या काळजीने सॅनिटायझरने पुसल्या. फडकं काळं झालं आणि चर, म्हणजे आवाज कोरलेल्या बारीक रेघा, गेले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एलपीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, लाखेला नाही.

दोन्हींसाठी मी साधी रीत वापरतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणायचं (आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतो, तो चरात बसतो). एक लिटरला भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने चराच्या दिशेने गोल फिरवत साफ करायचं, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने पुसून घ्यायचं आणि सावलीत उभं वाळवायचं. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवायची नाही, चटकन ओली करून चटकन पुसायची.

यूएसबी टर्नटेबल घ्यावं का?

हे कोणतं घेता त्यावर आहे. सुटकेससारखे जे स्वस्त प्लेयर मिळतात, पेन ड्राईव्ह लावला की सरळ एमपीथ्री बनवणारे, ते घेऊ नका. त्यातला सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला पुढचा भाग) साधारण पाच-सहा ग्रॅम वजनाने तबकडीवर बसतो. चांगला मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅम वजनानेच टेकतो. एकदा-दोनदा वाजवलं तर काही बिघडत नाही, पण आवाज पिचका येतो आणि त्यात पुढे सुधारणा करायला जागा उरत नाही.

मोठी अडचण वेगळीच आहे. लाखेच्या तबकडीचे चर रुंद असतात, एलपीचे अरुंद. लाखेला जवळजवळ ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. स्वस्त प्लेयरवर लाखेच्या तबकडीच्या वेगाचं, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचं बटण असतं, सुई मात्र एलपीचीच. ती रुंद चराच्या तळाशी, धुळीत घासत जाते. मग नुसता खरखराट येतो आणि लोक म्हणतात, 'तबकडीच खराब आहे.' तबकडी चांगली असते, सुई चुकीची असते.

म्हणून तीन वेग असलेलं आणि सुई ओढून बदलता येणारं टर्नटेबल बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ जातीच्या कार्ट्रिजला लाखेच्या तबकड्यांसाठीची रुंद सुई वेगळी मिळते, तीच कार्ट्रिजवर चढवायची. मी तेच वापरतो. दुसऱ्या कुणाचं चांगलं असेल तर तेही चालेल. पण 'सुई बदलता येते का' आणि '७८ ची सुई मिळते का' हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरात चावीचा भोंग्याचा ग्रामोफोन असेल, तर त्याच्यावर एलपी कधीही लावू नका. त्याचं डोकं इतकं जड असतं की लोखंडी सुई एका वाजवण्यात चर खरवडून काढते.

तुम्हाला सगळं उतरवायचं आहे का, हेही विचारा. हिशोब करू. लाखेची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. १४० तबकड्यांचे पंधरा तास. ८० एलपी सरासरी ४२ मिनिटांच्या धरल्या तर छप्पन्न तास. एकूण एकाहत्तर तासांचा आवाज. पण एका तासाच्या आवाजाला साफसफाई, उतरवणं, तुकडे करणं, नावं देणं धरून अडीच-तीन तास जातात. म्हणजे जवळजवळ दोनशे तास. रोज एक तास बसलात तर सहा-सात महिने. हौस असेल तर याच्यासारखा आनंद नाही, माझी रात्रीची जेवणानंतरची वेळ अजून यातच जाते. हौस नसेल तर यादी करा आणि तीस-चाळीसच निवडा. सिनेमाच्या गाजलेल्या एलपींमधलं बहुतेक संगीत कंपन्यांनी पुन्हा पुन्हा काढलं आहे. निवडायच्या त्या नाट्यसंगीताच्या, कीर्तन-भारुडाच्या, लहान कंपन्यांच्या लेबलाच्या, आणि ज्यांच्यावर आजोबांनी स्वतःच्या हाताने काही लिहिलं आहे अशा.

उतरवताना

संगणकावर ऑडासिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ते पुरेसं आहे. कॅसेट आणि लाखेच्या तबकड्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या (हे आकडे जितके मोठे तितका आवाजाचा बारकावा जास्त टिपला जातो), एलपी ४८ वर घेतल्या तरी चालतील. टर्नटेबलाच्या यूएसबीतून १६ बिटच येत असेल तर त्यावर अडून बसू नका. चुकीची सुई आणि मळलेली तबकडी यांनी जितकं नुकसान होतं, त्याच्या पासंगालाही हा फरक पुरत नाही. आवाजाची पातळी मात्र कमी ठेवा. काटा लाल रेघेला एकदाही लागता कामा नये, सगळ्यात मोठ्या तानेलाही सहा डेसिबलची मोकळी जागा राहू द्या. कमी आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

लाखेच्या तबकड्या मोनो असल्या तरी स्टिरिओतच उतरवा. डाव्या बाजूला चराची एक भिंत येते, उजव्या बाजूला दुसरी. जुन्या ग्रामोफोनने बहुतेक वेळा एकच भिंत जास्त झिजवलेली असते. दोन्ही ऐकायच्या, जी स्वच्छ ती ठेवायची. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करायच्या, म्हणजे सुईच्या वर-खाली होण्याचा आवाज बराच कटतो.

खरखर काढायच्या मोहात मूळ फाईल बिघडवू नका. जशी उतरली तशी एक मूळ प्रत बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. साफ केलेली प्रत वेगळी. मी दहा वर्षांपूर्वी ज्या तबकड्या घासून घासून 'स्वच्छ' केल्या होत्या, त्यातल्या गायकाच्या आवाजाची धार गेली आहे हे आज कान सांगतात. मूळ प्रती होत्या म्हणून वाचलो.

एक आपल्याकडची अडचण. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. साध्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, तिचा भुणभुण आवाज कार्ट्रिजच्या बारीक सिग्नलमध्ये मिसळतो. लाईट गेली की त्या बाजूचं काम थांबवा आणि आली की पहिल्यापासून घ्या. वाडी-शिवाराला लागून घर असेल तर शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू होण्याच्या वेळेलाही व्होल्टेज हलतं. मी रात्री दहानंतर बसतो.

फाईलचं नाव लांब असलं तरी चालेल, पण त्यात लेबल, तबकडीवरचा क्रमांक, बाजू आणि गायक एवढं यावं. प्रत्येक लेबलाचा आणि कव्हरचा मोबाईलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. लेबल फाटलं असेल तर चर संपतात त्या गुळगुळीत जागेवर क्रमांक कोरलेला असतो, तिरका उजेड टाकला की वाचता येतो.

आता डिस्क

जागेचा हिशोब ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सगळेच्या सगळे एकाहत्तर तास मोठ्या दर्जात घेतले तर १५० जीबीच्या आत बसतात. फ्लॅक या स्वरूपात ठेवले, म्हणजे आवाजातला एक कणही न गमावता दाबून, तर साधारण १०० जीबी. ऐकण्यासाठी एमपीथ्री केल्या तर १० जीबी, सगळ्या तबकड्या गाडीतल्या १६ जीबीच्या पेन ड्राईव्हवर येतील. म्हणजे १ टीबीची डिस्क तुम्हाला भरपूर झाली. मोठी एक घेण्याऐवजी लहान दोन घ्या.

पेन ड्राईव्ह ऐकायला ठेवा, जपायला नाही. त्यात माहिती विजेच्या बारीक भाराच्या रूपात साठते आणि न वापरता पडून राहिली की तो भार झिरपत जातो. उष्णतेत जास्त लवकर. एसएसडीचंही, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कचंही तेच, कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायची ती वस्तू नव्हे. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क या कामाला बरी. पण ती पडली की संपली, आणि चार-पाच वर्षांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कुणी तुम्हाला घरात दोन डिस्कचा डबा बसवा, एकावर लिहिलं की दुसऱ्यावर आपोआप उमटतं, असं सांगेल. तो वाईट नाही, पण ती दुसरी प्रत नव्हे. चुकून एक फोल्डर पुसलं तर दोन्हीकडून एकदम जातं. वीज कडाडली किंवा व्होल्टेज उसळलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. दोन पेट्या तबकड्यांसाठी त्याची गरज नाही. तुमचा जुना लॅपटॉप आणि बाहेरून लावायच्या दोन डिस्क, वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या, एवढं पुरे. म्हणजे तीन प्रती झाल्या. त्यातली एक घराबाहेर, दुसऱ्या गावी असलीच पाहिजे.

आता ते खान्देशी उत्तर. माझी बहीण सुरतेला दिली आहे. आखाजीला ती माहेरी येते, आपल्याकडे तो सणच तिच्यासाठी असतो. २०१२ पासून आमचं ठरलं आहे. येताना ती तिच्याकडची डिस्क आणते. घागर पुजून, पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं की दुपारी आम्ही दोन्ही डिस्क लॅपटॉपला लावतो. फ्लॅक फाईलच्या पोटात मूळ आवाजाची खूण लिहिलेली असते. सॉफ्टवेअर प्रत्येक फाईल त्या खुणेशी ताडून बघतं आणि एखादी सडली असेल तर सांगतं. सडलेली निघाली तर दुसऱ्या डिस्कवरून परत घ्यायची. वर्षभरात नवीन जे उतरवलं ते दोन्हीकडे टाकायचं. मग ती माझ्याकडची डिस्क घेऊन जाते आणि तिची माझ्याकडे राहते. भाऊबीजेला पुन्हा अदलाबदल. ताडणी चालू असताना आम्ही काही ना काही ऐकत बसतो, त्यामुळे आता भाच्यांनाही कोणती फाईल कुठे आहे ते ठाऊक झालं आहे. आखाजी भर उन्हात येते, म्हणून डिस्क कपड्यांच्या मधोमध बॅगेत जाते, गाडीच्या डिकीत नाही.

या बारा-तेरा वर्षांत माझ्या दोन डिस्क गेल्या आणि आवाज एकही गेला नाही. तुम्हाला बहीण नसेल तर आत्या असेल, पुण्याला नोकरीवर असलेला भाऊ असेल. माणूस आणि दिवस ठरवा. नुसतं 'अधूनमधून बघेन' म्हणालात तर कधीच बघणार नाही. आजीच्या कॅसेटची प्रत तर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर जाऊ द्या. पाठवताना ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोचते.

विकायच्या का?

हा तुमच्या घरचा निर्णय आहे. जागा खरोखर नसते, मी समजू शकतो. पण यादी करण्याआधी एकगठ्ठा देऊ नका. एकगठ्ठा घेणारा दहा तबकड्यांसाठी पेटी घेतो आणि त्या दहा कोणत्या हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. यादी झाली की सिनेमाच्या एलपी खुशाल द्या, आनंदाने ऐकणाऱ्या माणसाकडे गेल्या तर चांगलंच. लाखेच्यातल्या निवडक तीस-चाळीस हातभर रुंद कपाटात मावतात. त्या ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. लॅपटॉप बंद पडला, डिस्क बसल्या, तरी त्या वाजतील.

इंटरनेटवर चढवण्याबद्दल एवढंच, की ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि गीत-चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरात ऐकायला प्रत काढणं वेगळं, लोकांत वाटणं वेगळं. आजीच्या ओव्यांचा निर्णय घरातल्यांनी मिळून करावा.

तर या आठवड्यात एवढं करा. कॅसेटच्या खुंट्या मोडा, पेट्या खाली आणा, तबकड्या उभ्या करा, वहीत यादी सुरू करा. डिस्कची खरेदी महिनाभर थांबली तरी बिघडत नाही. यादी करताना ज्या तबकड्यांवर आजोबांचं अक्षर आहे त्यांचे फोटो काढून इथे टाका. गार्डाच्या ड्युटीवर त्या कुठे कुठे घेतल्या, हे त्यांनी तारखेसह लिहून ठेवलं असेल तर मला ते वाचायचं आहे.